एकाच शहरांतील ऊन-सांवली

मे महिन्याच्या भर दुपारीं गिरगांवच्या फणसवाडींतून निघालेला एखादा गृहस्थ दादरच्या हिंदु कॉलनींत आप्तांकडे पोहोंचला, म्हणजे छत्री मिटण्यास त्याला कोणी सांगावें लागत नाहीं. शहर तेंच, समुद्र तोच; मग एका वस्तींत डोक्यावर पानांचें छप्पर आणि दुसरींत तापलेली भिंत, हा भेद कशामुळें?

गिरगांवकरांना झाडांची हौस नाहीं, असें म्हणण्याची सोय नाहीं. तेथील चाळींत तुळशीचा डबा नाहीं असें बिऱ्हाड शोधावें लागेल. शिवाय फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी हीं नांवेंच सांगतात कीं, एके काळीं या वाड्या खरोखरीच्या वाड्या होत्या. एकोणिसाव्या शतकांत शहरांत माणसांचा लोंढा आला आणि एकेका वाडींत चाळीमागून चाळ उभी राहिली. चाळींना जागा मिळाली, जाण्यायेण्यास बोळ उरला. झाडांसाठीं कांहींच उरलें नाहीं.

पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. दाट वस्ती आणि कोंदट हवा हींच रोगाचीं माहेरघरें, अशी त्या वेळची समजूत होती. म्हणून १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्यानें दादर-माटुंग्याची जमीन आंखली ती रुंद रस्ते, इमारतींभोंवतीं मोकळी जागा व मधून मधून बागा ठेवून. ट्रस्टच्याच नोकरींतील एक इंजिनियर मंचेरजी एदलजी जोशी यांनीं तेथें पारशी कॉलनी वसविली. तिच्या रस्त्यांवरील महोगनीचे वृक्ष आजही प्रसिद्ध आहेत. दादरची सांवली ही अशी प्लेगच्या उंदरांची देणगी म्हणावयास हरकत नाहीं!

झाड दिसतें वर, पण त्याचा संसार असतो खालीं. मोठ्या वृक्षाचीं बहुतेक मुळें वरच्या तीन-चार फूट मातींतच, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात, आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. तीं पाणी शोषतात, पानें तें वाफेच्या रूपानें सोडतात, आणि त्यामुळें भोंवतालची हवा थंड होते. हें सारें चालण्यास माती हवी. ती कोणाच्या वांट्यास किती यावी, हें जमिनीचे तुकडे पडतात तेव्हांच ठरून जातें. मागाहून कुंड्या ठेवून तें फारसें बदलत नाहीं.

तो हिशेब आतां पुन्हां मांडला जात आहे. जुन्या बेताच्या उंचीच्या इमारती पाडून तेथें उंच इमले उठत आहेत, आणि मोटारींसाठीं तळघरें कित्येकदां कुंपणापर्यंत खोदलीं जातात. त्यांच्या छतावर फूट-दोन फूट माती पसरून बाग केली जाते. तींत कर्दळ फुलेल, जास्वंद फुलेल. महोगनी मात्र उभी राहणार नाहीं. १९७५ च्या कायद्यानें वृक्ष तोडण्यास परवानगी लागते व बदली झाडें लावावीं लागतात खरीं, पण त्यांत मोजणी रोपांची होते, सांवलीची नव्हे. पन्नास वर्षांच्या वृक्षाबदलीं दुसऱ्याच उपनगरांत लावलेलें रोप येथील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या काय उपयोगाचें?

नव्या इमारतीचा नकाशा सभेपुढें येतो तेव्हां खोल्यांचें क्षेत्रफळ सारेच बारकाईनें पाहतात. तळघराची रेघ कुंपणापासून किती अंतरावर थांबली आहे, हेंही त्याच कागदावर असतें. आणि जेथें नकाशाचा प्रश्नच नाहीं, अशा गिरगांवच्या बोळांत जें एखादें पिंपळाचें वा आंब्याचें झाड तगून आहे, त्याच्या बुंध्याला भिडलेलें सिमेंट दोन हात मागें घेण्यास एक गवंडी आणि एक सकाळ पुरते.