बांधावरचा फड्या निवडुंग

तीर्थपुरीच्या शिवारात निवडुंग म्हटलं की बांधाचं कुंपणच आठवतं. पण २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांनी या झाडाकडे पुन्हा पाहावं. त्याची रंध्रं रात्री उघडतात आणि उन्हात मिटलेली असतात, म्हणून पाणी उडून जात नाही. मेक्सिकोत कोवळ्या फड्यांची भाजी नेहमीच्या जेवणात असते. लाल बोंडंही खातात, मात्र त्यांवरची केसासारखी बारीक कुसं आधी काढावीच लागतात, नाहीतर जिभेत रुततात.

आपल्याकडे त्याचा पहिला उपयोग चाऱ्याचा, असं मला ठामपणे वाटतं. बायफ संस्थेने बिनकाट्याच्या निवडुंगाचा चारा म्हणून प्रसार केला आहे. फडा तोडून पंधरवडाभर सावलीत जखम सुकू द्यायची, मग मुरमाड उतारावर लावायचा. काळ्या रानात पाणी साचलं की तो सडतो. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, प्रथिनं थोडी. म्हणून कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच द्यावा, नुसत्या फड्यांनी जनावरांना पातळ शेण होतं.

कीड विसरू नये. १९२६ मध्ये सिलोनमधून आणलेल्या कोचिनील किड्याने भारतातला रानटी निवडुंग मोठ्या प्रमाणावर संपवला होता. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, की तो फडा लगेच तोडून जाळावा.