खरकटे, पालापाचोळा आणि रद्दी

विद्यापीठाच्या आवारातील कचरा शहरातील वस्तीच्या कचऱ्याहून वेगळा असतो. कारण तेथे वसतिगृहांतील शेकडो मुले एकाच वेळी जेवतात, परीक्षांनंतर कागदाचे गठ्ठे साचतात आणि जुनी झाडी असेल तर माघ-फाल्गुनात रस्ते पानांनी भरून जातात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संस्थांना, त्यांत विद्यापीठेही आली, मोठे कचरा-उत्पादक ठरवून ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

हे जिरवणे म्हणजे मुख्यतः खत करणे होय. खरकट्यात पाणी आणि नत्र भरपूर, तर वाळलेल्या पानांत कर्ब अधिक. खत करणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण २५ ते ३० भाग लागतात. नुसते खरकटे रचले तर आत हवा न खेळल्याने ते सडून घाण सुटते, नुसता पाला महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. दोन्ही मिसळले तर ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापून रोगजंतू मरतात. मूठभर मिश्रण दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये, एवढी परीक्षा पुरते. पाला पेटवून देणारे आवार मेसच्या खरकट्याचा जोडीदारच जाळत असते.

सुक्या कचऱ्याचे गणित मात्र ओल टाळण्याचे आहे. कोऱ्या पाठीच्या कागदांच्या गठ्ठ्यावर आमटी सांडली की त्याचा रद्दीतील भाव गेला. चहाचा कागदी कप तर नावापुरताच कागदी, कारण त्याच्या आतील प्लॅस्टिकचा पातळ थर साध्या कागद गिरणीत सुटत नाही. शिवाय पुनर्वापराच्या प्रत्येक फेरीत कागदाचे तंतू आखूड होत जातात व पाच-सात फेऱ्यांनंतर ते निकामी होतात, म्हणून पाठपोट छपाई आणि धुऊन वापरायचा पेला यांचा उपयोग कोणत्याही रंगीत डब्यापेक्षा अधिक आहे.

ओले आणि सुके एकत्र होऊ न देण्याचे हे मर्म विद्यापीठांच्या आधी कचरावेचकांना ठाऊक होते. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या निमित्ताने त्यांच्या आयांबरोबर फेरीला जाऊ लागल्या, तेव्हा कुंडीत हात घालण्याऐवजी माल उगमापाशीच वेगळा मिळाला तर कष्ट कमी होऊन कमाई वाढते, हे त्यांना दिसले. या कामातूनच १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. संघटनेच्या नावातील तिन्ही वस्तू सुक्या आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून तिचे सभासद दारोदार ओला व सुका कचरा वेगवेगळा मागू लागले.