अज्ञान मुलाचे बोट

अज्ञान मुलाने लिहून दिलेले गहाणखत कलकत्त्याच्या एका सावकाराला पचले नाही, ही हकीकत कायद्याचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की अज्ञानाचा करार हा करारच नव्हे. तो निकाल आजही कायम आहे. आणि तरीही, श्रोतेहो, आज रात्री आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर 'मला मान्य आहे' या शब्दांवर बोट टेकवील आणि आपण ते पाहणारही नाही.

त्याआधी तो आपले जन्मसाल बहुधा खोटे सांगतो. तेरा वर्षांची अट ही मूळची आपली नव्हे. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती हवी, असे अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने ठरवले. कंपन्यांनी तीच वेस जगभर बांधली. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती अठरावर नेली. नियम निघाले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यांतही कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिने दिलेले. कायद्याची बैलगाडी ती!

इथवर मुलाच्या होकाराला कायदा किंमत देत नाही, आणि ते त्याच्या हिताचेच आहे. आता तेच बोट दुसऱ्या बटणावर ठेवून पाहू. समजा, सोळा वर्षांच्या मुलीने आपला एक खाजगी, उघडा फोटो वर्गातल्या मुलाला पाठवला. पुढे दोघांचे बिनसले. त्याने तो फोटो एका मित्राला दाखवायला म्हणून पाठवला, मित्राने तो आणखी चौघांना. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब, जे २००९ पासून अंमलात आहे, अठरा वर्षांखालील व्यक्तीचे अश्लील चित्रण बनवणे, जमवणे, उतरवून घेणे, पाठवणे हा गुन्हा मानते. पहिल्या खेपेस पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. 'मला दुसऱ्याने पाठवले, मी फक्त पुढे ढकलले' हा बचाव येथे लागू पडत नाही. इतकेच नव्हे, कलम शब्दशः वाचले तर ती मुलगीही त्यात सापडते. मुलांच्या रक्षणासाठी केलेल्या कलमात मुलांसाठीच अपवाद ठेवलेला नाही. ही मला कायद्याची मोठी उणीव वाटते.

मग मुले तुरुंगात जातात काय? नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्यांना पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रकरण एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक यांच्या मंडळापुढे जाते. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा इथपासून जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे, इथवर त्या मंडळाचे अधिकार.

पण ही दुसरी बाजू त्या मुलीला ठाऊक नसते. तिला फक्त 'गुन्हा' हा शब्द माहीत असतो, आणि घरचा संताप. तो फोटो हाती असलेला मुलगा 'अजून एक पाठव, नाहीतर' म्हणतो आणि ती पाठवते. कळल्यावर वडील प्रथम काय करतात? मोबाइल आपटतात, सगळे पुसून टाकतात. पुरावा तेवढा जातो. फोटो इतरांच्या मोबाइलांत राहतो.

पुसण्यापूर्वी संदेश, तारखा, पाठवणाऱ्याचे खाते टिपून ठेवावे. असा फोटो काढून टाकण्यास २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना तक्रारीपासून सुरुवातीला चोवीस तासांची मुदत घातली होती. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा चित्रांची तक्रार नाव न देताही करता येते. आणि पोलिसांत जायची वेळ आलीच, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलीला चौकीवर जाण्याची सक्ती नाही: जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्य तोवर स्त्री अधिकाऱ्याने, आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात असता कामा नये.