नदीच्या पात्रात उभा राजवाडा

फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात राजवाड्यांची वानवा नाही. परंतु शेनॉन्सोचा राजवाडा शेर नदीच्या काठावर नव्हे, तर थेट पात्रात उभा आहे. थॉमस बोहिए या दरबारी अधिकाऱ्याने १५१३ ते १५२१ या काळात जुन्या गिरणीच्या पायावर तो उभारला. बांधकामावर देखरेख होती ती त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिची. पुढेही या वास्तूला आकार दिला तो स्त्रियांनीच.

१५४७ मध्ये राजा दुसरा हेन्री याने हा राजवाडा आपली प्रेयसी दियान द प्वातिए हिला दिला. तिने नदीवर पूल बांधवून घेतला. १५५९ मध्ये हेन्रीचा मृत्यू होताच राणी कॅथरिन द मेदिची हिने राजवाडा ताब्यात घेतला आणि त्याच पुलावर ६० मीटर लांबीचे नृत्यदालन चढवले. सवतींचे हे वैर आज दोन सुंदर बागांच्या रूपाने उरले आहे. राजवाड्याकडे जाताना डावीकडे दियानची, उजवीकडे कॅथरिनची. दियानची बाग उंच दगडी बांधांनी पुरापासून राखलेली आहे.

आतील दालने म्हणजे एक संग्रहालयच. सोळाव्या शतकातील विणलेले भित्तिपट, चित्रे आणि पुलाच्या खांबांच्या पोटातील स्वयंपाकघर आवर्जून पाहावे. तेथील सामान नावेतून थेट धक्क्यावर उतरत असे.

मात्र या वास्तूचे खरे मोठेपण नृत्यदालनात कळते. पहिल्या महायुद्धात येथे रुग्णालय होते. दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर उपचार झाले. १९४० मध्ये शेर नदी हीच जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशांमधील सीमा ठरली. राजवाड्याचे मुख्य द्वार व्याप्त भागात, तर दालनाचे दक्षिणेकडील दार मुक्त भागात! १९४२ पर्यंत अनेकांनी याच वाटेने सुटका करून घेतली. राणीने वैभव मिरवण्यासाठी बांधलेले दालन असे सामान्य माणसाच्या प्राणरक्षणाला उपयोगी पडले.

पॅरिसहून तूर शहरापर्यंत वेगवान रेल्वेने व तेथून स्थानिक गाडीने येथे पोहोचता येते. बहुतेक पर्यटक बागांची छायाचित्रे टिपून परततात. आपण मात्र दालनाच्या टोकापर्यंत अवश्य चालत जावे.