जावईबापूंची हजेरी

लेखमाला ‘परका माणूस, आपला कागद’ : भाग सहावा

धावड्यातल्या माणसाला सीमा म्हणजे काय, ते २०२० च्या मार्चमध्ये नव्यानं कळलं. भोकरदन तालुक्याच्या या टोकावरून पुढे गेलं की बुलढाणा जिल्हा लागतो, पण एरवी ते कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. सोयरीक धाडची, दवाखाना बुलढाण्याचा, मिरची विकायची पिंपळगाव रेणुकाईला. दिवसभरात चार वेळा जिल्हा ओलांडला तरी मोटारसायकलचा गिअर बदलावा लागत नाही. आजोबा-पणजोबांच्या काळी इथं खरीखुरी सीमा होती. अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजी अमलातला वऱ्हाड. ती पुसली गेली आणि आपण ती विसरलोही. मग कोरोनाची साथ आली, २३ मार्चला मुख्यमंत्र्यांनी जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्याचं जाहीर केलं आणि विसरलेली रेघ पुन्हा रस्त्यावर उमटली. पलीकडच्या गावात दिलेली लेक एका रात्रीत ‘परजिल्ह्यातली’ झाली.

त्या दिवसांत पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्यांचं काय झालं ते आठवा. वेशीवरच अडवणूक, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस मुक्काम, आणि ग्रामसेवक किंवा पोलीस पाटलाच्या हातातली ती वही. नाव काय, कुठून आलात, कधी आलात, कुणाकडे उतरणार, पुढे कुठं जाणार? स्वतःच्या गावात, जिथं आपलं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तिथं, ही उत्तरं देताना कित्येकांचा चेहरा पडला होता. अंगावर ताप नसताना हातावर शिक्का घेऊन फिरणं सोपं नव्हतं.

हे सगळं आज उगाळायचं कारण एवढंच, की त्या वहीतले पाच प्रश्न परदेशी माणसाच्या पाचवीलाच पुजलेले असतात. गेल्या भागात आपण व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत यांतला फरक पाहिला. या भागाचा विषय हजेरीचा: ती कुणी द्यायची, कुणाला द्यायची, आणि सगळं जगच कुलूपबंद झालं तेव्हा त्या हजेरीचं काय झालं.

आधी नियम. त्या काळी लागू होता तो १९४६ चा परदेशी नागरिक कायदा, आणि त्याच्या जोडीला १९३९ चा नोंदणीचा कायदा. दोन्ही इंग्रज अमदानीतले. १९३९ हे महायुद्ध पेटलेलं साल, आणि परक्याकडे संशयानं पाहण्याची ती नजर दोन्ही कायद्यांत उतरलेली दिसते. हजेरीचे दोन भाग. पाहुण्याचा भाग असा : १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आला असेल, तर उतरल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची. मुंबईसारख्या शहरात त्यासाठी परदेशी नागरिक नोंदणीचं स्वतंत्र कार्यालय आहे, ज्याला सगळे ‘एफआरआरओ’ म्हणतात. जिल्ह्यात तेच काम पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे धावड्यासाठी जालन्याला. एप्रिल २०१८ पासून अर्ज ऑनलाइन करता येतो आणि बोलावणं आलं तरच जावं लागतं.

दुसरा भाग यजमानाचा, आणि तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. परदेशी माणूस आपल्या छपराखाली मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती कळवायची. हाच तो तेव्हाचा ‘सी फॉर्म’. फर्दापूरच्या लॉजवाल्यांना तो तोंडपाठ, कारण अजिंठा पाहायला येणारा जपानी, फ्रेंच, कोरियन त्यांच्याकडेच उतरतो. पण सरकारच्या लेखी लॉज आणि घर असा भेद नाही. पाहुणा गच्चीवर झोपो की ओसरीत, घरमालक हाच हॉटेलवाला.

आता समजा, धावड्यातल्या एका घरची लेक जर्मनीत नोकरीला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिचं लग्न झालं. माणसं काल्पनिक, तारखा मात्र खऱ्या. लेक आणि जावईबापू ५ मार्च २०२० ला होळीसाठी आले. जावयाकडे तीस दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा. मुदत छोटी, म्हणजे त्यांना नोंदणी लागत नाही. हजेरी द्यायची ती सासऱ्यांनी.

सासऱ्यांनी ती दिली का? माझा अनुभव विचाराल तर शंभरात एखादाच देतो. ‘जावई काय लॉजवर उतरलाय का?’ असा सवाल येतो आणि त्याला प्रेमाचं उत्तर नसतं. तरी धाकट्या मेहुण्यानं मनावर घेतलं असं धरू. संकेतस्थळावर आधी घराचीच नोंदणी करायची, ती मंजूर झाली की मग फॉर्म. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, भारतात कधी आणि कुठं उतरला, या घरात कधी आला, किती दिवस राहणार, पुढे कुठं जाणार, इथं नोकरी करतो का. फोटो ठरलेल्या मापात बसत नाही. पासपोर्टावरचं आडनाव आणि नाव कुठल्या रकान्यात घालायचं यावर खल होतो. अर्ध्यात रेंज जाते, मग फोन घेऊन गच्चीवर. जावई शेजारी उभा राहून विचारतो, मी काही चूक केली का? सासरे म्हणतात, नाही हो जावईबापू, तुम्ही बसा, पुरणपोळी खा.

होळी ९ मार्चला झाली. ११ मार्चला भारत सरकारनं बहुतेक व्हिसे १३ तारखेपासून स्थगित केले. वाचताना अनेकांच्या पोटात गोळा आला, पण आधीच देशात असलेल्यांचे व्हिसे त्या आदेशातही वैध राहिले होते. पुढे २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली, २५ पासून देश थांबला. जावयाचा व्हिसा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपणार होता. तारीख मात्र थांबत नाही.

इथून पुढे गृहमंत्रालयाच्या सवलतींचा प्रवास पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला सवलत हप्त्याहप्त्यानं आली. आधी १५ एप्रिलपर्यंत. मग १३ एप्रिलला पत्रक : १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल या काळात ज्यांचा व्हिसा संपला किंवा संपेल, त्यांना ३० एप्रिलपर्यंत मुदत, पैसे लागणार नाहीत, पण ऑनलाइन अर्ज हवा. चारच दिवसांत, १७ एप्रिलला, ती ३ मेपर्यंत गेली, आणि देश सोडायचा असेल तर आणखी चौदा दिवस दंडाविना. टाळेबंदी जशी वाढत होती तशी तारीख तिच्यामागून पळत होती. ज्याला दर पंधरवड्याला नवं पत्रक शोधावं लागतं, त्याला सवलत मिळूनही झोप लागत नाही.

५ मे २०२० ला सरकारनं तारीख देणंच सोडलं. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासावरची बंदी उठेल, त्यानंतर तीस दिवसांपर्यंत मुदत. शहाणपणाचा निर्णय, पण त्यातही एक गंमत होती. मुदत आहे, तिचा शेवट कुणालाच माहीत नाही. कागदावर छापलेली तारीख केव्हाच मागे पडलेली आणि खरी तारीख भविष्यात कुठं तरी. परदेशी माणसाचा कागद पाहणारा मात्र छापलेलंच वाचतो, मग तो घरमालक असो, सिमकार्डवाला असो की नाक्यावरचा शिपाई. त्याला मंत्रालयाचं पत्रक मोबाइलवर उघडून दाखवायचं, तेही इंग्रजीतलं.

अखेर ४ जून २०२१ ला मंत्रालयानं अर्जाची अटच काढली. मार्च २०२० पासून अडकलेल्यांचा मुक्काम ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंत वैध धरला जाईल, अर्ज नको, दंड नको, निघताना तेवढी परवानगी घ्या. पुढे ती मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली. जे जून २०२१ मध्ये सुचलं ते आदल्या वर्षीच्या वसंतात सुचलं असतं तर किती फॉर्म वाचले असते, असं मला वाटतं. पण त्या दिवसांत कोण कशाला पुरं पडत होतं, हेही खरंच. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडावा लागला.

आपले जावई तेवढे थांबले नाहीत असं धरू. जर्मनीनं आपली माणसं न्यायला खास विमानं पाठवली होती. त्यासाठीही २ एप्रिल २०२० ला मंत्रालयानं पद्धत ठरवून दिली : विमान त्या देशाच्या सरकारनं आणायचं, निघण्याआधी तपासणी, विमानतळापर्यंतची गाडी दूतावासानं ठरवायची आणि गाडीला वाटेत जाऊ देण्याचा पास राज्य सरकारनं द्यायचा. कागदावर चार ओळी. धावड्याहून मुंबई विमानतळ म्हणजे जालना, औरंगाबाद, नगर किंवा नाशिक, मग ठाणे. प्रत्येक जिल्ह्याच्या नाक्यावर तोच पास, तोच पासपोर्ट, आणि मास्क खाली करून चेहरा दाखवणं. गावातल्या कुणाला मोसंबीची गाडी वाशीला न्यायलाही पास लागत होता. जावयाच्या आणि मोसंबीच्या पासात फरक एवढाच, की मोसंबीला कुणी विचारलं नाही तू मूळची कुठली.

परतायची सोय सगळ्यांनाच नव्हती. तेव्हाच्या औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेनसारख्या देशांतली मुलं बरीच होती. त्यांची हजेरी महाविद्यालयानंही कळवायची असते. टाळेबंदीत वर्ग बंद, खोलीचं भाडं चालू, आणि येमेनला परतायचं म्हटलं तर तिथं आधीच युद्ध.

हे उलट्या बाजूनंही पाहायला हवं, कारण मराठवाड्यातल्या घरांत आता ‘परदेशी’ म्हणजे बहुधा आपलंच पोर असतं. आखातातल्या संयुक्त अरब अमिरातीनं १ मार्च २०२० नंतर संपलेले निवासी परवाने आधी वर्षअखेरपर्यंत वैध धरले. जुलैत मात्र तो निर्णय मागे घेतला आणि लोकांना नूतनीकरणाच्या रांगेत उभं केलं. थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी ‘मी इथंच आहे’ हे कळवावं लागतं. तिथंही त्या काळात ही हजेरी माफ झाली होती. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांची तर ६ जुलैला गाळणच उडाली. शिक्षण पूर्णपणे ऑनलाइन असेल तर देश सोडा, असं तिथल्या खात्यानं जाहीर केलं. हार्वर्ड आणि एमआयटी दोन दिवसांत कोर्टात गेले आणि १४ जुलैला सरकारनं तो निर्णय मागे घेतला. आठच दिवस, पण त्या आठ दिवसांत इकडे कितीतरी घरांत रात्रीचे व्हिडिओ कॉल झाले. आईला विद्यार्थी व्हिसाला लागणारा ‘आय-२०’ म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण पोराचा आवाज कळत होता.

आता मघाचा धागा पुन्हा हातात घेऊ. वर सांगितलेल्या पत्रकांचा रोख पाहुण्याच्या तारखेवर होता. यजमानाचं काय? त्याचं उत्तर आपल्याच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात सापडतं, ज्याच्या कक्षेत जालनाही येतं. दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलीगी जमातच्या धार्मिक मेळाव्यानंतर २ एप्रिल २०२० ला केंद्रानं ९६० परदेशी नागरिकांना काळ्या यादीत टाकून त्यांचे व्हिसे रद्द केले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात २९ परदेशी नागरिकांवर गुन्हे नोंदले गेले : आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन आणि इंडोनेशियाचे. आरोप व्हिसाच्या अटी मोडल्याचा आणि साथीचे आदेश मोडल्याचा. त्यांना आसरा देणाऱ्या मशिदींचे विश्वस्तही त्यात ओढले गेले.

या परदेशी नागरिकांचं म्हणणं साधं होतं. आम्ही वैध व्हिसावर आलो, विमानतळावर तपासले गेलो, जिल्ह्यात आल्याचं पोलीस अधीक्षकांना कळवलं. टाळेबंदीत गाड्या बंद, लॉज बंद, मग मशिदीनं छप्पर दिलं. २१ ऑगस्ट २०२० ला न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांच्या खंडपीठानं गुन्हे रद्द केले. व्हिसाच्या नियमावलीत धार्मिक स्थळी जायला, प्रवचन ऐकायला मनाई नाही, असं निकालात नमूद आहे. साथ आली की बळीचा बकरा शोधला जातो, हे निरीक्षणही त्यातलंच. न्यायमूर्ती सेवलीकरांनी गुन्हे रद्द करण्याला संमती दिली, मात्र काही निरीक्षणांबाबत आपलं वेगळं मत नोंदवलं.

हा खटला बहुतेकांनी धर्माच्या बाजूनं वाचला, आणि तसं वाचायला कारणंही होती. मी तो वाचला तेव्हा माझी नजर अडली ती ‘अधीक्षकांना कळवलं’ या चार अक्षरी-पाच अक्षरी शब्दांवर. कळवल्याचं बचावात सांगता येणं ही केवढी मोठी गोष्ट. आपल्या कल्पनेतल्या धावड्याच्या सासऱ्यांकडे तेव्हा कुणी येऊन विचारलं असतं, तर गच्चीवरच्या रेंजमध्ये भरलेला तो फॉर्म सोडून त्यांच्याकडे दाखवायला काय होतं?

१ सप्टेंबर २०२५ पासून हे जुने कायदे गेले. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालच्या अशा चार कायद्यांच्या जागी परदेशी नागरिकांसाठी एकच नवा कायदा आला. मुक्कामाला ठेवणाऱ्यानं कळवायचं, हे त्यातही आहेच. विद्यापीठांचा आणि दवाखान्यांचा उल्लेख आता नाव घेऊन आहे. त्यामुळे दिवाळीला लेक-जावई येणार असतील तर फराळाच्या यादीखाली आणखी एक ओळ लिहून ठेवा.

(पुढच्या भागात : नातवंडांचं ओसीआय कार्ड, आणि ते असलं तरी घर बदलल्यावर कुणाला ई-मेल करायचा.)