समजून घ्या : टॅब जुना झाला म्हणजे नेमके काय झाले?

वसई पूर्वेला गोखिवरे परिसरात औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत आणि आजूबाजूला कामगारांची वस्ती. टॅब दोन्हीकडे लागतो. गाळ्यात त्यावर चलन, मालाचे फोटो, मापांची रेखाचित्रे. घरी दहावी-बारावीचे व्हिडीओ तास. करोनाकाळात घेतलेले हे टॅब आता चार-पाच वर्षांचे झाले आहेत. ‘हळू चालतो’ ही तक्रार सुरू झाली की नवे मॉडेल घ्यायचे का, हा प्रश्न येतो. अनेक घरांत तो महिन्याच्या पगाराएवढा मोठा असतो.

आधी काय तपासावे?

वेग नंतर. सेटिंगमध्ये जाऊन शेवटचा सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचा आहे, ते आधी पाहावे. अपडेट थांबले तरी टॅब बंद पडत नाही, पण त्यातील त्रुटी दुरुस्त होणे थांबते. व्हिडीओ पाहण्यापुरते ते चालून जाते; बँकेचे अ‍ॅप किंवा जीएसटीचा लॉगइन असलेल्या टॅबवर चालत नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए८ अँड्रॉइड ११ वर आला आणि १४ वर थांबला. त्याच कंपनीच्या महागड्या टॅब एस१० मालिकेला मात्र सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन आहे. म्हणजे स्वस्त टॅबची किंमत वर्षांनी भागून पाहिली, तर तो वाटतो तितका स्वस्त निघेलच असे नाही.

आयपॅडबाबत काय?

सप्टेंबर २०२१ मधील नववा आयपॅड भारतात ३०,९०० रुपयांपासून मिळत होता. मार्च २०२५ मध्ये ए१६ चिपचा नवा आयपॅड ३४,९०० रुपयांना आला. साठवण ६४ वरून १२८ जीबी झाली, मेमरी ३ वरून ६ जीबी, पडदा थोडा मोठा आणि चार्जिंगला यूएसबी-सी. फरक खरा आहे. पण नवव्या आयपॅडलाही सप्टेंबर २०२५ मधील आयपॅडओएस २६ मिळाले; त्या वेळी यादीतून गळला तो २०१९ चा सातवा. केवळ अपडेटच्या भीतीने नववा बदलण्याचे कारण नाही.

दुकानात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट सुट्या सामानाची. नवव्याचा कीबोर्ड नव्याला बसत नाही. हेडफोनचे भोक नव्यात नाही. जुनी पेन्सिल वापरायची तर वेगळा जोड लागतो, आणि यूएसबी-सीची पेन्सिल बाजारात आली ती ७,९०० रुपयांना. शिवाय जाहिरातींत गाजणारी ‘अ‍ॅपल इंटेलिजन्स’ची सोय या ए१६ आयपॅडवर नाहीच. एआयसाठी म्हणून तो घेणाऱ्याची निराशा होईल.

बॅटरी बदलून भागेल का?

बऱ्याचदा भागते. आयपॅडची बॅटरी एक हजार पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी, असे कंपनी सांगते. पत्र्याच्या छताखालच्या गाळ्यात, दिवसभर चार्जरला लावून ठेवलेल्या टॅबची बॅटरी त्याआधीच दमते, कारण उष्णता. पडदा कडेने उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. असा टॅब वापरणे लगेच थांबवावे. ‘हळू’ असण्याचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे भरलेली साठवण. शिकवणीचे उतरवून ठेवलेले व्हिडीओ पुसून, एकदा रीसेट करून आठवडाभर वापरावा आणि मगच दुकानात जावे. गाळ्यातल्या नोंदींची आधी दुसरीकडे प्रत मात्र काढून ठेवावी.

बारावीनंतर जेईई, नीट किंवा एमएचटी-सीईटी देणाऱ्या, इतर मागासवर्ग किंवा भटक्या-विमुक्तांतील विद्यार्थ्यांच्या घरी महाज्योतीची मोफत टॅब योजनाही विचारात घ्यावी. निकषात बसत असल्यास खर्चच टळतो.

जुन्याचे काय करायचे?

विकताना किंवा देताना आधी खात्यातून बाहेर पडावे, मग रीसेट. क्रम चुकला तर पुढच्याच्या हाती कुलूपबंद काच येते. मोडलेला टॅब घंटागाडीत टाकू नये. महापालिकेची कचराभूमी गोखिवऱ्यातच, भोयदापाड्याला आहे आणि लिथियमची बॅटरी दबली की पेट घेऊ शकते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे टॅब ज्या कंपनीचा, तिच्या सेवा केंद्रात आधी विचारावे.