बडोद्याची गायनशाळा

गाणे गुरूच्या घरी राहून शिकावे की शाळेच्या तासाला बसून, हा वाद आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे रंगतो आहे. त्यात बडोद्याच्या गायनशाळेचे नाव हमखास निघते. राजा मराठी, शहर गुजराती आणि गुरुजी मुसलमान, असा त्रिवेणी संगम येथे घडला!

१८८६ साली सयाजीराव महाराजांनी दरबारचे गवई मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांच्या हाती ही शाळा सोपविली. एखादी चीज पदरात पडावी म्हणून शिष्याने वर्षानुवर्षे गुरुगृही राबावे, असा तो काळ. घराण्याची विद्या कागदावर उतरविणे म्हणजे तिजोरीची किल्ली चव्हाट्यावर टांगणेच. मौलाबक्षांनी नेमके तेच केले. त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसविली आणि धड्यांची पुस्तके छापविली. त्यामुळे ज्याच्या घराण्यात कोणी गवई नाही, अशालाही गाण्याचे दार उघडले.

पुढे १९१६ साली याच नगरीत सयाजीरावांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि गायनशाळेची परंपरा विद्यापीठाच्या छायेत आली. आज सुरसागर तलावाकाठी गायन, वादन, नृत्य आणि नाट्य एकत्र नांदत आहेत.

मग वादाचा निकाल काय? श्रीकृष्ण रातंजनकरांचे उदाहरण पाहावे. भातखंड्यांचे हे शिष्य बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन तेथील दरबारगायक फैयाजखाँसाहेबांकडे शिकले. पद्धतशीर शास्त्र एका गुरूकडून आणि मैफलीचे मर्म दुसऱ्याकडून! पुढे लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. शाळा आणि गुरू या काही एकमेकींच्या सवती नव्हेत. शाळा दार उघडते. आत किती जायचे ते गुरू आणि शिष्य मिळून ठरवितात.

आपल्या घरोघरीही आज मुले गाणे शिकतात. पाहुणा आला की विचारतो, "परीक्षा कितवी झाली?" त्याऐवजी "रोज तंबोऱ्यापाशी किती वेळ बसतोस?" असे विचारले, तर मौलाबक्षांच्या कष्टांचे अधिक चीज होईल.